शब्दचर्चा : सहभागिता, सहवास, संगती आणि आपली ‘फेलोशिप’

टिळकवाडीहून :
सर्वांना सलाम. एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. आमच्याकडे रविवारी चर्चमध्ये उपासना संपली की बाहेर चहा-बिस्किटं असतात, त्याला सगळे फेलोशिप म्हणतात. मराठी बायबलात ‘सहभागिता’ वाचतो, बोलताना कुणी ‘सहवास’ म्हणतं कुणी ‘संगती’, आणि आमच्या शेजारचे कन्नड विश्वासी ‘अन्योन्यते’ म्हणतात. हे सगळं एकच काय? आणि चहा घेऊन, पाऊस कधी येणार, पोरांच्या परीक्षा कशा झाल्या एवढं बोलून घरी गेलो तर सहभागिता झाली म्हणायची काय? मनापासून विचारतोय, कारण इतक्या लोकांत बसूनपण घरी येताना मला एकटंच वाटतं.

खानापूरहून :
दादा, शेवटचं वाक्य लिहिलात ते फार बरं केलात, खरी चर्चा तिथूनच सुरू होते बघा.

आधी शब्दाचं सांगते. बायबलच्या नव्या करारात मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’ आहे, त्याच्या मुळाशी ‘सामाईक’ असा अर्थ. लूक 5 मध्ये मासे धरायच्या प्रसंगात याकोब आणि योहान हे शिमोनाचे भागीदार होते असं येतं ना, तिथं त्याच घराण्यातला शब्द वापरलाय, म्हणजे धंद्यातले भागीदार, नफा-तोटा दोघांचा. पुढं रोमकरांस पत्राच्या 15 व्या अध्यायात मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चांनी, यरुशलेमातल्या गरिबांसाठी पैसे गोळा केले, त्या वर्गणीलापण प्रेषित पौलानं कोइनोनियाच म्हटलंय. मग नुसतं शेजारी शेजारी बसणं त्यात कसं मावणार? म्हणून मला ‘सहभागिता’च पटतो, त्यात ‘भाग’ डोळ्याला दिसतो. ‘सहवास’ गोड शब्द आहे पण एका खोलीत राहिलं तरी सहवास होतोच की, मनातलं एक अक्षर न बोलता. ‘संगती’ तर चांगलीपण असते आणि वाईटपण, ‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे पौलाच्याच पत्रातलं वाक्य. आणि कन्नडातलं ‘अन्योन्यते’ मला लई आवडतं, आपल्या मराठीत अन्योन्य म्हणजे परस्पर, तेवढ्यातच कळतं की हे एका बाजूनं होत नाही.

आमच्याकडं भाताच्या लावणीला पैरा करतात, आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. पण माझी लावणी राहिलीय हे मी सांगितलंच नाही, उलट सगळं झालंय म्हणून हसत फिरले, तर पैऱ्याला येणार कोण? आपल्या मंडळीत नेमकं हेच चाललंय. कसं काय विचारलं की ‘देवाची कृपा आहे, सगळं बरं आहे’. कृपा आहे हे खरंच, पण सगळं बरं नसतं ना. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, प्रकाशात चालण्याला आणि एकमेकांबरोबरच्या सहभागितेला एकत्र बांधलंय. लपवाछपवी आणि सहभागिता एका घरात नांदत नाहीत.

मागं एका घरी कॉटेज प्रार्थना होती. विनंत्या सांगायच्या वेळी एक भाऊ नेहमीसारखं ‘माझी गुप्त विनंती आहे’ म्हणाले आणि गप्प बसले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मान खाली घालूनच म्हणाले, नोकरी गेलीय, कर्जाचे हप्ते थकलेत, घरात अजून सांगितलं नाही. कुणाला काय बोलावं सुचेना. एकीनं वचन सांगायला तोंड उघडलं तर शेजारच्या आजींनी हळूच तिच्या हातावर हात ठेवला. मग एक वडीलधारे म्हणाले, “उद्या सकाळी मी येतो, हप्त्याचं विचारायला दोघं मिळून जाऊ. आणि घरात सांगताना सोबत कुणी हवं असेल तर तेपण सांग.” नंतर प्रार्थना झाली, छोटीच. मी तर म्हणते ती सहभागिता.

बेळगाव कॅम्पातून :
अक्का, एकदम बरोबर. थोडी भर घालतो. बेळगावात 1820 ला लंडन मिशनरी सोसायटीनं काम सुरू केलं आणि पुढं ते मेथडिस्टांकडं, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाकडं, आलं हे बहुतेकांना माहीत असतं, पण मेथडिस्ट चळवळ मुळात अशाच छोट्या गटांवर उभी राहिली हे आपण पार विसरलोय. 1742 ला ब्रिस्टलमध्ये इमारतीवरचं कर्ज फेडायला दर आठवड्याला प्रत्येकाकडनं एक पेनी गोळा करायचं ठरलं, साधारण बारा जणांमागं एक पुढारी, तो घरोघरी जायचा. पैसे मागायला गेले आणि लोकांच्या घरात खरं काय चाललंय ते दिसायला लागलं, तेव्हा ही चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच, आणि त्यातनं ‘क्लास मीटिंग’ घडली. त्याच्या आधी 1738 मध्ये त्यानं आणखी लहान गटांसाठी नियम लिहिले, ते सरळ याकोब 5:16 वर बेतलेले, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा.

पण एक धोका बोलायलाच पाहिजे. आमचे कोकणी कॅथलिक मित्र कुमसाराला, म्हणजे फादरजवळ पापं कबूल करायला जातात, तिथं ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. आपल्याकडं तसं बंधन नाही, मग ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणत म्हणत एकाची गोष्ट संध्याकाळपर्यंत पार शहापूर-वडगावला पोचते. असं एकदा झालं की तो माणूस परत तोंड उघडत नाही, आणि त्याचं काय चुकलं?

टिळकवाडीहून :
खरंय, म्हणूनच भीती वाटते. आणखी एक, ‘उत्तेजन द्या’ असं नेहमी सांगतात, त्यासाठी बोलताना कोणता शब्द बरा?

खानापूरहून :
मी ‘धीर देणं’ म्हणते. प्रेषितांच्या कृत्यांत 4:36 ला पहिल्या मंडळीतल्या बर्णबाचं नाव ‘बोधपुत्र’ असं फोडून सांगितलंय. बोध म्हटलं की हल्ली आपल्याला गोष्टीच्या शेवटचं तात्पर्यच आठवतं. पण या ‘बोधा’मागच्या मूळ ग्रीक शब्दाचा नातेवाईक म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातला ‘कैवारी’, आपली बाजू घेऊन जवळ उभा राहणारा. बर्णबानं केलंपण तेच, यरुशलेमात आधी विश्वासीयांना छळणाऱ्या शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, सगळे भीत होते तेव्हा हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडं घेऊन गेला. त्यात उपदेश कुठं आलाय सांगा.

आणि दादा, एकदम चारचौघांत बोलायची काही गरज नाही. दोघं-तिघं पुरेत, आधीच ठरवून घ्यायचं की इथलं बाहेर जाणार नाही, बायकांनी बायकांत, पुरुषांनी पुरुषांत बसलं तरी चालतं. पहिल्यांदा सगळं पोटातलं काढायचं नाही, एक खरी गोष्ट सांगून बघायची आणि समोरचा ती कशी सांभाळतो ते बघायचं. तुमच्या पाळकांशी बोललात काय? नसेल बोलायचं तर रविवारी चहाच्या वेळी जो कोपऱ्यात एकटा उभा असतो त्याच्याकडं जा, त्याला विचारा, आणि त्यानं ‘बरं आहे’ म्हटलं तरी लगेच हलू नका.