मास्क लावला की झालं, असं नाही
वरती एकांनी लिहिलंय, अग्निशमन जवानांनी मास्क नीट लावला तर प्रश्न मिटतो. तसं नाही हो. काजळीतली विषारी रसायनं कातडीतूनही आत शिरतात, मानेवर आणि जबड्यापाशी जास्तच. शिवाय ज्वाळा विझल्यावर ढिगारा उपसताना बरेच जण मास्क उतरवतात, आणि खाली तर सगळं धुमसतच असतं.

माझे बाबा याच नोकरीत होते. घरी आले की मानेवर काळी रेघ असायची. दोनदा साबण लावला तरी पंचावर उतरायची. त्यांचा गणवेश आई आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबरच भिजवायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आज आठवलं की पोटात गोळा येतो.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं कामच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. मेसोथेलिओमा (बहुतेकदा फुफ्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग, या दोन्हींसाठी पुरावा पुरेसा ठरला. तेलाच्या आगीवर मारायच्या फेसात आणि खुद्द संरक्षक कोटांत वर्षानुवर्षं वापरलेली पीएफएएस रसायनं (फ्लोरीनयुक्त, सहजी न विघटणारी) आहेत, ती वेगळीच.

गणवेश केंद्रावरच धुतला जावा आणि प्रत्येकाला दुसरा जोड मिळावा, एवढं तरी आपण लावून धरूया.