बी.एड्.ला प्रवेश घेण्यापूर्वी: महाविद्यालय कसे निवडावे, एम.एस्‌सी. आधी करावे का, आणि मधल्या महिन्यांत काय वाचावे?

विज्ञानवाट (सिंहगड रस्ता, पुणे)

सर्वांना नमस्कार. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील बी.एस्‌सी. पदवी घेतली असून सध्या एका खासगी शिकवणी वर्गात आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान आणि गणित शिकवते. शिकवणीत मुले बहुधा उत्तरे पक्की करून घेण्यासाठी येतात आणि पालकांचीही अपेक्षा तेवढीच असते. मला मात्र शाळेत, शक्यतो मराठी माध्यमाच्या शाळेत, पूर्ण वर्गाला विज्ञान शिकवायचे आहे आणि त्यासाठी येत्या वर्षी बी.एड्.ला प्रवेश घ्यायचे मी ठरवले आहे.

घरात मात्र दोन मते आहेत. माझे काका निवृत्त शिक्षक आहेत आणि आधी एम.एस्‌सी. पूर्ण कर, मग बी.एड्.चे बघ, असे त्यांचे म्हणणे आहे. वडिलांना वाटते की जिथे रोज हजर राहावे लागत नाही अशा एखाद्या लांबच्या महाविद्यालयात नाव घालावे, म्हणजे शिकवणीचे उत्पन्नही सुरू राहील आणि दोन वर्षांनी पदवीही हाती येईल. मला तिसराच प्रश्न पडला आहे. बी.एड्.मध्ये नेमके काय शिकायला मिळते आणि ते चांगले शिकायला मिळेल असे महाविद्यालय पुण्यात ओळखायचे कसे? ज्यांनी हा अभ्यासक्रम केला आहे किंवा शिकवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

फलकलेखन (निवृत्त प्राध्यापिका, शिक्षणशास्त्र)

आपला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, परंतु त्याआधी पात्रतेचे गणित स्पष्ट करते, कारण त्यातच काकांच्या सूचनेचे उत्तर आहे. सहावी ते आठवीला शिकवायचे असेल तर पदवी, बी.एड्. आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर लागतो. या पेपरात १५० पैकी ६० गुण आपल्या बाबतीत गणित-विज्ञानाचे असतील आणि उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण मिळवावे लागतात. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड्. पुरते, तर अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड्. अशी दोन्ही आवश्यक असतात. पहिली ते पाचवीचा विचार मनात असेल तर तो बी.एड्.च्या आधारावर करू नका. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानंतर त्या वर्गांसाठी बी.एड्. पुरत नाही, डी.एल.एड्. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका हीच योग्य वाट आहे. म्हणजे आपल्याला माध्यमिक शाळेतच शिकवायचे असेल, तर एम.एस्‌सी.साठी थांबण्याचे कारण नाही. कनिष्ठ महाविद्यालयाची इच्छा पुढे झालीच, तर एम.एस्‌सी. नंतरही करता येते.

आता मुख्य मुद्दा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार २०१५ पासून बी.एड्. दोन वर्षांचे झाले. त्यामागे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा २०१२ चा अहवाल होता, आणि अध्यापक शिक्षणाला आलेले दुकानदारीचे स्वरूप हा त्या काळात खरोखर चिंतेचा विषय होता. या नियमांत अभ्यासक्रमाच्या तासांना ८० टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकालाला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के उपस्थिती सक्तीची आहे. शाळेत एकूण किमान २० आठवडे घालवायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. तेव्हा जे महाविद्यालय "येण्याची गरज नाही" असे सांगते ते नियम तर मोडतेच, शिवाय आपल्याला ज्यासाठी प्रवेश घ्यायचा आहे तोच भाग काढून घेते. पदवीचा कागद तेवढा उरतो. आपल्या वडिलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अनेकांना वाटते की बी.एड्.चा गाभा मानसशास्त्राच्या आणि तत्त्वज्ञानाच्या पेपरांत आहे. मुलांच्या विचारांचा आणि शिकण्याचा अभ्यास करणारे पियाजे, वायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ वाचायलाच हवेत, पण मी इतकी वर्षे छात्राध्यापकांचे, म्हणजे बी.एड्.च्या विद्यार्थ्यांचे, पाठ पाहिले आणि माझे मत असे बनले आहे की शिक्षक घडतो तो पाठ संपल्यानंतरच्या चर्चेत. सूक्ष्म अध्यापनाचेच पाहा. पाच-सात सहाध्यायांसमोर सुमारे सहा मिनिटे एकच कौशल्य वापरून शिकवायचे, लगेच त्यावर प्रत्याभरण, म्हणजे पाहणाऱ्यांचा अभिप्राय, घ्यायचे, पाठाचे पुन्हा नियोजन करायचे आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा, असे ते चक्र आहे. पुष्कळ ठिकाणी यातले पहिले सहा मिनिटांचे अध्यापन होते आणि पुनर्अध्यापन केवळ वहीत लिहिले जाते. तसे झाले की प्रश्न कौशल्य, चेतक बदल, सज्जता प्रवर्तन ही अध्यापन कौशल्यांची सारी नावे तोंडपाठ होतात आणि वर्गात उभे राहिल्यावर प्रश्न विचारून उत्तरासाठी तीन सेकंद थांबण्याचेही धैर्य होत नाही.

आपल्यासारख्या विषय जाणणाऱ्या मुलींना विशेष उपयोगी पडेल तो भाग म्हणजे आशययुक्त अध्यापन पद्धती. नववीच्या पुस्तकातील पहिलेच प्रकरण गतीच्या नियमांचे आहे. आपल्याला न्यूटनचा पहिला नियम येतो, पण वर्गातल्या मुलाचा अनुभव असा असतो की पायडल मारणे थांबवले की सायकल थांबते, म्हणून गती टिकवायची तर बल सतत लावावेच लागते. हा त्याचा अनुभव खोटा नाही. घर्षणाचा विचार त्याने केलेला नाही, एवढेच. नियम फळ्यावर लिहून दिला तर तो परीक्षेत नियम लिहील आणि मनात सायकलच ठेवील. मुलाच्या मनात आधीपासून काय बसले आहे हे ओळखून पाठाची मांडणी करणे हे विषयज्ञानाहून वेगळे ज्ञान आहे आणि बी.एड्.ने ते द्यायला हवे. विज्ञानाच्या जोडीला गणित हा पद्धती विषय, म्हणजे ज्याचे अध्यापन शिकायचे तो विषय, घेता येत असेल तर जरूर घ्या.

छात्राध्यापिका, दुसरे वर्ष (कोथरूड)

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि महाविद्यालय कसे ओळखावे याबाबत माझ्या अनुभवातून थोडे लिहिते. प्रवेशाच्या काळात सगळे जण इमारत, शुल्क आणि घरापासूनचे अंतर बघतात. मी सुचवेन की आपण प्रत्यक्ष जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना भेटावे आणि त्यांना असे विचारावे की सराव पाठ कोणत्या शाळांत होतात, मार्गदर्शक प्राध्यापक पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहतात की दाराशी येऊन निरीक्षण वहीवर सही करतात, आणि पाठ टाचण (पाठाची लेखी आखणी) आधी तपासून मिळते का. विज्ञानाच्या पद्धतीसाठी त्या विषयाचे स्वतंत्र प्राध्यापक आहेत का, हेही विचारावे, कारण भाषेच्या प्राध्यापकांनी विज्ञानाचा पाठ पाहिला तर फलकलेखनाबद्दल आणि आवाजाबद्दल ते नेमके सांगतात, परंतु प्रयोगातील किंवा संकल्पनेतील चूक त्यांच्या लक्षात येईलच असे नाही.

शिकवणी सुरू ठेवण्याविषयी: आठवड्याला ३६ तास महाविद्यालय, त्यानंतर टाचणे, शैक्षणिक साधने आणि प्रात्यक्षिकांचे अहवाल. मी पहिल्या वर्षी संध्याकाळची एकच तुकडी ठेवली होती आणि ती निभावली. १६ आठवड्यांच्या छात्रसेवाकालात मात्र तीही सोडावी लागली, कारण शाळेतून आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या दोन तासिकांची तयारी करायची असते आणि तेव्हा दुसऱ्या मुलांसाठी मन मोकळे राहत नाही. आर्थिक अडचण असेल तर त्या चार महिन्यांची तजवीज आधीपासून करून ठेवावी.

मुख्याध्यापक, मराठी माध्यम (पुणे)

आमच्या शाळेत दरवर्षी छात्राध्यापक येतात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. बहुतेकांचे टाचण उत्तम असते आणि तरीही पाठ कोसळतो, कारण टाचण ज्या मुलासाठी लिहिलेले असते तो मुलगा वर्गात नसतो. आमच्या वर्गांत बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांची मुले आहेत. काहींच्या घरात कन्नड बोलतात, काहींच्या हिंदी, काही जण मराठवाड्यातून वर्षाच्या मध्यात येतात आणि त्यांचे आधीचे काय झाले, काय राहिले, हे कोणालाच ठाऊक नसते. "वस्तुमान आणि वजन यांतील फरक सांगा" हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी वजन म्हणजे काय हे त्यांच्या बोलीत त्यांच्याकडून ऐकून घ्यावे लागते.

म्हणून मी छात्राध्यापकांना पहिल्या आठवड्यात शिकवू देत नाही. परिपाठाला उभे राहा, हजेरीपट पाहा, मुलांच्या वह्या चाळा, आमच्या शिक्षकांच्या तासाला मागे बसा, असे सांगतो. काहींना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. माझे म्हणणे असे आहे की वह्यांचा एक गठ्ठा मन लावून वाचला तर वर्गाबद्दल जे कळते ते कोणत्याही मानसशास्त्रीय चाचणीतून इतक्या लवकर कळत नाही. बदली तास आला की पुष्कळ जण टाळतात. आपण तो मागून घ्यावा. तयारी नसलेल्या तासाला चाळीस-पन्नास मुलांसमोर उभे राहिल्यावर आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे लगेच समजते.

नोकरीबाबतही स्पष्ट लिहितो, कारण त्याविषयी तरुणांना अर्धवट माहिती मिळते. जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि खासगी अनुदानित शाळांमधील शिक्षक भरती पवित्र या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीमार्फत होते. तिच्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही चाचणी २०० गुणांची असून ती २०१७, २०२३ आणि २०२५ अशी मोठ्या अंतराने झाली आहे. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. २०२३ पासून हे मानधन माध्यमिकसाठी दरमहा १८,००० रुपये आहे. पुण्यात एवढ्या पैशांत राहणे कठीण आहे, हे मी जाणतो. आपण या वाटेला यावे असे मला मनापासून वाटते, पण हे आकडे माहीत असताना यावे.

विज्ञानवाट

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत त्याबद्दल मी ऋणी आहे. काकांना आणि वडिलांना मी हे प्रतिसाद वाचून दाखवले. नियमित महाविद्यालयातच प्रवेश घ्यायचा, यावर घरात आता एकमत झाले आहे. दोन शंका उरल्या आहेत. नवीन शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम येत आहे आणि एक वर्षाच्या बी.एड्.चीही चर्चा ऐकू येते, तर त्यासाठी थांबावे का? आणि प्रवेश परीक्षेपर्यंतचे महिने मी कशात घालवावेत?

फलकलेखन

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम बारावीनंतरचा आहे, त्यामुळे पदवी झालेल्या आपल्याला तो लागू पडत नाही. एक वर्षाच्या बी.एड्.ची तरतूद राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने नव्या नियमांच्या २०२५ च्या मसुद्यात सुचवली, परंतु तीही चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आहे. आपली पदवी तीन वर्षांची असल्याने दोन वर्षांचे बी.एड्. हाच आपला मार्ग आहे, आणि दोन वर्षे लागतात याचे वाईट वाटून घेऊ नका. सावित्रीबाईंनीसुद्धा अहमदनगर आणि पुणे येथे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, हे त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेल्या मुलीला मुद्दाम सांगावेसे वाटते.

प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि त्यांतले ४० बुद्धिमत्तेचे, ३० सामान्य ज्ञानाचे व ३० शिक्षक अभियोग्यतेचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. विज्ञानाच्या पदवीधराला यासाठी नियमित सराव पुरतो, त्यामुळे सगळे दिवस त्यातच घालवू नका. सहावी ते दहावीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती सलग वाचा आणि एकच संकल्पना, समजा बल किंवा उष्णता, कोणत्या इयत्तेत कितपत येते आणि पुढच्या इयत्तेत तिच्यात काय भर पडते, हे एका वहीत उतरवून काढा. शिकवणीतल्या मुलांनी दिलेली चुकीची उत्तरे आजपासून जशीच्या तशी, त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. त्याच्याखाली आपले स्पष्टीकरण लिहू नका, फक्त मुलाने असे का म्हटले असेल तेवढे लिहा. पद्धतीच्या तासाला प्राध्यापक उदाहरणे मागतील तेव्हा आपल्याकडे खरी उदाहरणे असतील.

प्रवेशासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ५० टक्के गुण लागतात. गुणपत्रके, अधिवासाचा दाखला आणि आरक्षणाचा लाभ घेणार असाल तर जात प्रमाणपत्र व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आताच काढून ठेवा, कारण केंद्रीय प्रवेश फेऱ्या सुरू झाल्यावर तहसील कार्यालयात गर्दी होते. फेरीचा विकल्प अर्ज भरताना महाविद्यालयांचा पसंतीक्रम स्वतः भेट देऊन आल्यावरच ठरवा.