तालमीच्या सभागृहात मुले आणि ज्येष्ठ यांचा एकत्र प्रकल्पवर्ग: सुरुवात कशी करावी?

पेठकरी:
सर्वांना नमस्कार. आमच्या पेठेतील तालमीचे सभागृह रविवारी सकाळी रिकामे असते. तेथे पाचवी ते नववीची मुले आणि शिकण्याची हौस असलेले निवृत्त नागरिक यांनी एकत्र बसून, हाताने काही घडवत शिकावे, असे आम्हा काही पालकांच्या मनात आहे. सुट्टीतील शिबिरांत बहुधा सुट्या भागांचा तयार संच देतात आणि संध्याकाळी प्रत्येक मूल तंतोतंत सारखीच गाडी घेऊन घरी येते. आम्हाला ते नको आहे. विषय कसे निवडावेत, मोठ्यांनी काय करावे आणि हे कमी खर्चात कसे जमवावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

करवीरचे शिक्षक:
विषय मुलांकडूनच येऊ द्यावा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीवर लिहिले, तेव्हा मुलाचा स्वतःचा हेतू हाच तिचा गाभा मानला होता आणि वर्गात त्याचा प्रत्यय नेहमी येतो. पंचगंगेच्या पुरासाठी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांनाही पाठ असते. पावसाळ्यात त्याच गप्पांतून सातवीच्या एका गटाने पातळीदर्शक करायला घेतला: उभी पारदर्शक नळी, तीत थर्माकोलचा तरंगता तुकडा, त्यावर खोवलेली तार आणि शेजारी एका फुटाला एक सेंटिमीटर या प्रमाणात आखलेली पट्टी. पाणी ३९ च्या खुणेला पोहोचले की तारेच्या टोकाने पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडल्या जाऊन दिवा लागावा, अशी योजना होती. पण तुकडा तिरका होऊन नळीला अडकायचा आणि दिवा काही लागायचा नाही. उपाय सांगण्याचा मोह आवरून मी फक्त 'नेमका कुठे अडकतो ते बघा' एवढेच म्हटले. एका मुलीने थर्माकोल घासून लहान केला, दुसरीने तार सरळ राहावी म्हणून नळीच्या तोंडावर भोक पाडलेले झाकण बसवले. प्रमाण, तरंगणे आणि विद्युतमंडल यांवर एरवी जे तास जातात, त्यांपेक्षा कितीतरी अधिक खोलवर ते या अडचणीतून कळले.

उद्यमनगरातील निवृत्त पॅटर्नमेकर:
ज्येष्ठांना मार्गदर्शकाची खुर्ची देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्यांनीही स्वतःचे काही करायला घ्यावे. मी सध्या नातीकडून स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून संगणकाचे प्रोग्राम करण्याची भाषा, शिकत आहे. एमआयटी मीडिया लॅबमधील मिचेल रेस्निक यांच्या गटाने २००७ मध्ये खुले केलेले हे साधन मोफत आहे आणि त्यात दुसऱ्याचा प्रकल्प उघडून आपली भर घालता येते. तिला मी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा बनवतात तो नमुना, दाखवतो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो, हे कळल्यावर तिने शेकडेवारीचे गणित आपण होऊन मांडले. नियम एकच ठेवा: इजा होण्याची भीती नसेल, तर मुलाच्या हातातले अवजार मोठ्यांनी काढून घ्यायचे नाही.

वाचनप्रेमी:
खर्चाची फार चिंता करू नये. अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासूनची खेळणी इंटरनेटवर मोफत पाहता येतात. शक्य झाल्यास डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला पुणे जिल्ह्यातील पाबळचा, हाताने काम करत शिकवणारा विज्ञान आश्रमही पाहून यावा. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्या आधारे जवळच्या शाळेशी जरूर बोलावे.

पेठकरी:
मनःपूर्वक आभार. पहिल्या रविवारी साहित्य न मांडता फक्त मुलांचे आणि ज्येष्ठांचे प्रश्न गोळा करावेत, असे ठरवत आहोत. सर, एका गटात किती जण असावेत?

करवीरचे शिक्षक:
तीन किंवा चार, आणि त्यांत एक ज्येष्ठ. प्रत्येकाला एक वही द्यावी आणि काय फसले हेही तीत त्याच दिवशी लिहायला सांगावे. पुढच्या रविवारी काम तेथूनच सुरू करता येते.