मदत हवी आहे: रजोनिवृत्तीनंतरची सूज, सोयाबीन आणि थायरॉइडची गोळी

नमस्कार मंडळी,

मी नेरूळला राहते, वय ५४. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी बोटं आखडलेली असतात. कणीक मळायला घेतली की मूठच वळत नाही. कोमट पाण्यात हात धरून बसते तेव्हा कुठे सुटतात. संधिवाताची तपासणी निगेटिव्ह आली, पण एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, ४.१ निघाला. ३ च्या वर म्हणजे जास्तच. डॉक्टर म्हणाल्या, इस्ट्रोजेन कमी झालं की शरीरातली अशी बारीक सूज वाढू शकते. वजन उतरवायला सांगितलंय, म्हणून रोज संध्याकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत फेऱ्या मारते.

आहारात सोयाबीन घ्या असंही त्यांनी सुचवलं. मग मी वाचायला बसले. २००७ साली इराणमधला एक अभ्यास छापून आलाय. पाळी गेलेल्या, मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, चरबी यांतलं बरंच एकत्र वाढलेलं) असलेल्या ४२ बायकांना आठ आठवडे लाल मांसाऐवजी भाजलेलं सोयाबीन दिलं, तर त्यांचा सीआरपी उतरला. नुसत्या सोया प्रोटीनने तेवढा उतरला नाही. इतर प्रयोगांत मात्र सरसकट फरक दिसत नाही. ज्यांचा सीआरपी मुळात चढलेला होता, त्यांना थोडा गुण आला. माझा चढलेलाच आहे, म्हणून आशा वाटते.

अडचण अशी की मला थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन ७५, चालू आहे. गोळी सकाळी सहाला, आणि सातला चहा-पोळी. पाच किलो गव्हात अर्धा किलो सोयाबीन घालून दळून आणायचं ठरवलं होतं, पण सोयाबीनमुळे गोळी नीट अंगी लागत नाही म्हणतात. त्यात मोठ्या जाऊबाईंनी सोयाबीनने स्तनाचा कॅन्सर होतो असं सांगून घाबरवलंय. कोणी दोन्ही सांभाळतंय का? आणि तो कच्चट वास कसा घालवता? आमच्याकडे उसळ कोणी तोंडाला लावत नाही.

प्रतिसाद, ठाण्याहून:

ताई, गव्हात मुळीच घालू नका. सकाळची पोळी गोळीनंतर तासाभरातच पोटात जाते. गोळी आणि सोयाबीन यांत चार तास तरी जाऊ द्यावेत. दुपारी उसळ खा. मीही थायरॉइडचीच, हेच करते. नेमाने सुरू केलंत की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा, डोस बदलावा लागू शकतो.

वासासाठी: रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, हाताने चोळून सालं काढा. मग भरपूर पाण्यात उघड्यावर दहा मिनिटं उकळा, तेही पाणी ओता आणि नंतर कुकरला लावा. अर्धंकच्चं राहिलं तर पचत नाही, पोट धरतं. फोडणीत आलं-लसूण सढळ हाताने, वरून गोडा मसाला आणि आमसूल.

सोयाबीन तेल यात धरू नका, आयसोफ्लेवोन्स (सोयाबीनमधले इस्ट्रोजेनसारखे घटक) दाण्यात असतात, तेलात नाहीत. आणि जाऊबाईंना सांगा, जेवणातल्या सोयाबीनने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. सोयाच्या गोळ्या-कॅप्सूल मात्र मनाने घेऊ नका. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ती:

किती बरं वाटलं वाचून! काल वाटीभर भिजवलं होतं, आज आमसूल घालून उसळ केली. ह्यांनी दोनदा वाढून घेतली. टीएसएच आणि सीआरपी आठ आठवड्यांनी एकदमच करून इथे लिहिते. तोवर, मुठीभर खायचं की वाटीभर, तेवढं सांगाल का?