धंदा करणाऱ्या प्राध्यापकाने 'सर' राहावं का?

तापीकाठ (धागाकर्ता)
चौदा वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतोय. तीन वर्षांपूर्वी केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची, म्हणजे कोंबाच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या रोपांची, छोटी लॅब काढली. वाण ग्रँड नैन. दुसऱ्या वर्षी मृगबागेच्या ऑर्डरी अंगावर आल्या, रोपं कमी पडली, म्हणून आठ फेऱ्यांवर (तुकडे करून पुन्हा वाढवलं की एक फेरी) थांबवायचं कल्चर मी पुढे वाढवत नेलं. कल्चरमधून आलेल्या रोपांत फरक पडतो, हे लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये मांडलं; फेऱ्या वाढल्या की तो वाढतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

पाच महिन्यांनी चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याने बोलावलं. ओळीत मधूनमधून बुटकी झाडं, पानं एकाच जागी दाटलेली. त्याने एवढंच विचारलं, "काय व्हयनं सर?" आणि मी पाणी, खत, सूत्रकृमी यांवर बोलत सुटलो. समोर वर्ग असल्यासारखा. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, फेऱ्यांचा शब्दही मी काढला नव्हता.

सांगायला आठ दिवस लागले. मग जाऊन कबूल केलं, बुटक्या झाडांची भरपाई दिली. पण ते आठ दिवस मला अजून टोचतात. लॅबमध्ये बॅच गेली तर वहीत लिहून मोकळं होतो. बांधावर मात्र 'सर' चुकला हे तोंडातून निघेना. माझं मत: धंद्यात उतरताना ही ओळख घरी ठेवून यावं.

आडत_गल्ली
ओळख घरी ठेवून काय होणार, नोकरीच सोडा. दर महिन्याला पगार जमा होतोय तोवर बुडाल्याची झळ लागत नाही, आणि झळ लागल्याशिवाय माणूस हिशेब शिकत नाही. आपल्याच जळगावात जैन इरिगेशनचे भवरलाल जैन सरकारी अधिकारीपद नाकारून 1963 मध्ये रॉकेलच्या धंद्यात उतरले. मागे दोर ठेवला नाही.

पाटचारी
दोन्ही मतं पटत नाहीत. भवरलालजींनी खुर्ची घेण्याआधीच नाकारली. चौदा वर्षं बसून उठणं वेगळं असतं. आणि केंद्राच्या 2019 च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणातच प्राध्यापकाला स्टार्टअपसाठी रजा द्यावी असं म्हटलंय, मग राजीनाम्याचा हट्ट कशाला? मी तासिका तत्त्वावर शिकवते. सोडायला माझ्याकडे नोकरीच नाही, म्हणून का मी जास्त चांगली उद्योजक होणार आहे?

तापीकाठ, तुम्ही 'सर' होता म्हणून चुकला नाहीत. ऑर्डर बघून नववी फेरी लावली, त्या दिवशी तुम्ही सर राहिला नाहीत. वर्गातला शिक्षक त्या दिवशी लॅबमध्ये उभा हवा होता. त्यालाच घरी ठेवून आलात तर पुढच्या वर्षी दहावी फेरी लावाल.

आडत_गल्ली
मॅडम, मृगाच्या तोंडावर रोपं नाहीत म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जातं. तिथे शिक्षक काय करणार?

पाटचारी
नाही म्हणणार. जाऊ दे गिऱ्हाईक.

निसवण
मी शेतकरी, रावेरकडचा. तुम्ही सगळे अपयशातून शिकण्याबद्दल बोलताय, पण शिकतं कोण आणि फी कोण भरतं? पाच बाय पाच फुटांवर एकरी 1742 झाडं बसतात. त्यात दीडशे बुटकी निघाली तर त्यांचा घड नीट निसवत नाही, पाणी आणि खत मात्र सगळं खातात. भरपाई रोपाची मिळते, गेलेलं वर्ष कोण देणार? सर म्हणा नाहीतर शेठ म्हणा, मला फरक पडत नाही. पुढे काय बदललं ते सांगा.

तापीकाठ
दादा, बरोबर विचारलंत. आता प्रत्येक क्रेटवर कितवी फेरी ते मार्करने लिहून देतो. आठच्या वरचं काही लॅबबाहेर जात नाही. यंदा त्यामुळे दोन ऑर्डरी परत केल्या. पाटचारी, तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. नववी फेरी लावली तेव्हाची वही काढून बघितली. त्या पानावर मी कारण लिहिलेलंच नाही.

निसवण
क्रेटवर आधी का लिहीत नव्हता?

तापीकाठ
कुणी विचारलं नाही. आणि मी आपणहून दाखवलं नाही.