'पिअर'ला भिडू म्हणावे काय?

अर्धविराम: वायरगार्ड ह्या व्हीपीएनची (दूरची यंत्रे इंटरनेटवरून खाजगीरीत्या जोडणाऱ्या व्यवस्थेची) मांडणी समजावणारी मराठी पुस्तिका कार्यालयासाठी लिहीत असताना दोन शब्दांपाशी अडलो आहे. 'पिअर'ला, म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला, मी 'समकक्ष' आणि 'अलाउड आयपीज'ला, म्हणजे त्या यंत्रापुढे लिहायच्या पत्त्यांच्या ओळीला, 'अनुमत पत्ते' असे लिहिले. ते वाचून एका सहकाऱ्याने, परवानगी सढळ असलेली बरी असे समजून, दोन्ही शाखांपुढे ०.०.०.०/०, म्हणजे सगळेच पत्ते, भरले आणि पहिल्या शाखेचा संपर्क तुटला. चूक त्याची की माझ्या शब्दाची?

जालकरी: शब्दाची. ती ओळ दोन कामे करते. बाहेर जाणारे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कोणत्या पिअरच्या किल्लीने बंद करून धाडायचे हे तिच्यावरून ठरते. आणि आत आलेले पॅकेट उघडल्यावर त्यावरचा प्रेषकाचा पत्ता त्याच पिअरच्या नावे आहे की नाही हेही तीच सांगते, आणि नसेल तर पॅकेट टाकून दिले जाते. 'अनुमत'मध्ये ह्यातले दुसरे काम तेवढे दिसते. शिवाय एकच पत्तासमूह दोघांना दिला, तर तो नंतरच्याकडे राहतो व आधीच्याकडून काढून घेतला जातो.

पोस्तदार: मी टपालात होतो, म्हणून सांगतो. पिन कोड १९७२ साली आला, त्यात ४११ म्हटले की थैली पुण्याकडे निघते, आणि पुढचे तीन आकडे कार्यालय ठरवतात. तुमच्याकडेही जो पत्तासमूह अधिक नेमका त्याचीच सरशी होते, असे माझा मुलगा सांगतो. मग 'वाट्याचे पत्ते' का म्हणू नये?

शुद्धलेखणी: 'वाट्याचे' बोलीत शोभते, मी 'नियत पत्ते' लिहीन, आणि राउटिंगला, म्हणजे पॅकेटची वाट ठरवण्याला, 'मार्गण'. 'महापौर' हा शब्दही सावरकरांनी घडवलेलाच आहे, आणि आज तो उच्चारताना कोणी अडखळत नाही.

जालकरी: संस्कृतात 'मार्गण' म्हणजे बाण, आणि याचकही. रात्री दोन वाजता व्हीपीएन बंद पडल्यावर मी याचकच असतो, तेवढ्यापुरता शब्द चपखल आहे.

अर्धविराम: 'पिअर'चे राहिलेच.

पोस्तदार: 'समकक्ष' वाचले की मला 'दहावी उत्तीर्ण किंवा समकक्ष' अशी जाहिरात आठवते. 'भिडू' म्हणा. 'भिडणे'वरून आलेला असावा, आणि येथे दोन यंत्रे एकमेकांना भिडतातच.

शुद्धलेखणी: ती व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते. शिवाय भिडू म्हणजे आपल्या बाजूचा गडी. पिअर कोणत्याच बाजूचा नसतो. वायरगार्डमध्ये मालक-चाकर भेदच नाही, दोन्ही टोके एकाच पायरीवर आहेत, म्हणून 'समकक्ष' हाच शब्द अर्थाला धरून आहे.

जालकरी: तरीही 'भिडूच्या वाट्याचे पत्ते' असे लिहिले असते, तर तो सहकारी चुकला नसता. एकच पान दोघांच्या हातात असू शकत नाही, हे पत्ते खेळणाऱ्याला सांगावे लागत नाही.

अर्धविराम: 'वाट्याचे पत्ते' घेतो. 'भिडू' मात्र साहेबांपुढे कसा ठेवावा, हे कळत नाही.

शुद्धलेखणी: ठेवूच नये. सात-आठच्या डावात दोघेच असतात, त्यात भिडू कुठला?

पोस्तदार: आमच्या घरी मेंढीकोटच खेळत, आणि त्यात भिडू समोरच बसतो.