किचनच्या मालिका बघून इंग्रजी सुधारतं का? (क्रूझची मुलाखत आहे)

कणकवलीचा_कॉमी

नमस्कार मंडळी. पुण्यात एका हॉटेलात कॉमी (शिकाऊ कुक) आहे, गार्ड मांजेला, म्हणजे सॅलडसारख्या थंड पदार्थांच्या विभागात. बारावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा. कामात इंग्रजीवाचून काही अडत नाही. आमच्या किचनमध्ये 'केओटी आया' (ऑर्डरची चिठ्ठी आली), 'पिकअप दे', 'पनीर खतम' एवढ्यावर अख्खी शिफ्ट निघते. पण आता क्रूझसाठी अर्ज केलाय. एजंट म्हणतो आधी मार्लिन्स टेस्ट (जहाजावर काम करणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा), मग कंपनीच्या शेफबरोबर व्हिडिओवर मुलाखत. सरावाच्या मुलाखतीत विचारलं, सीझर सॅलड कसं करतोस ते सांग. रोज करतो. हाताला येतं, तोंडाला येत नाही.

रूममेट म्हणतो व्याकरणाचं पुस्तक ठेव बाजूला आणि शेफ गॉर्डन रॅमसेचं 'हेल्स किचन' बघ. दुसरा म्हणतो 'द बेअर'. दोन्ही थोडं थोडं बघितलं. एकात नुसती आरडाओरड, दुसऱ्यात सगळे एकदमच बोलतात. याने खरंच शब्द वाढतात की नुसता टाइमपास? कोणती मालिका बघू, कशी बघू, सबटायटल हिंदी ठेवू की इंग्रजी? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

मालवणी_मसाला

रॅमसे बघलंस तर गाळी शिकशीत, विंग्रजी नाय. आणि गाळी आपल्याकडे काय कमी आसत?

गॅलीवाला

वरच्याशी सहमत, पण जरा सविस्तर लिहितो. जहाजावर होतो, कॉमीपासून सू शेफपर्यंत (मुख्य शेफच्या खालोखालची जागा) चढलो, आता मडगावला स्वतःचं छोटं किचन आहे. मुलं क्रूझला जाताना हाच प्रश्न घेऊन येतात.

'द बेअर' शिकागोच्या एका सँडविचच्या दुकानापासून सुरू होते आणि किचनमधलं बोलणं तिच्यात बरंच खरं आहे. मागून जाताना 'बिहाइंड', वळणावर 'कॉर्नर', हातात सुरी असेल तर 'शार्प', गरम पातेलं असेल तर 'हॉट'. ऑर्डर ऐकली की 'हर्ड'. एकूण किती प्लेट लागणार ते 'ऑल डे'. पदार्थ संपला की 'एटी-सिक्स'. जहाजावर पायाखालची फरशी हलत असते, तिथे 'बिहाइंड' न म्हणता गेलास तर पाठीवर सूप येईल. पण हे सगळे मिळून वीसेक शब्द. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये, पहिल्या आठवड्यात आपोआप तोंडात बसतात. शेफ ब्रिटिश असला तर यातले काही बदलतात, तयार प्लेट उचलायला तो 'हँड्स' न म्हणता 'सर्व्हिस' म्हणून ओरडेल. त्यासाठी सगळे सीझन बघत बसू नकोस. आवडली तर बघ, मालिका चांगली आहे.

तुझ्या कामाची आहे 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'. 2009 पासून चालू आहे, हवे तेवढे भाग मिळतील. तिथले स्पर्धक घरी स्वयंपाक करणारे, आणि कॅमेऱ्यासमोर ते सतत सांगत असतात की आत्ता काय करतोय, पुढे काय करणार, का करणार. 'आय अॅम गोइंग टू स्वेट द अनियन्स, देन डीग्लेझ द पॅन, देन रिड्यूस इट बाय हाफ.' पूर्ण वाक्य, आणि हात तेच करत असतात. मुलाखतीत तुला अगदी हेच विचारलंय! 'हेल्स किचन'मध्ये असं कोणी बोलत नाही, तिथे 'इट्स रॉ' आणि 'गेट आउट'.

आपल्या पोरांचं दुखणं क्रियापदाचं असतं. तेल टाक, मीठ टाक, पास्ता पाण्यात टाक, म्हणून इंग्रजीत सगळीकडे 'पुट'. पुट ऑइल, पुट सॉल्ट, पुट पास्ता. समोरच्याला कळतं, पण त्याला वाटतं याला काम येत नाही. मालिका बघताना पदार्थांची नावं लिहूच नकोस, ती तुला येतात. क्रियापदं पकड: ड्रिझल, टॉस, फोल्ड, व्हिस्क, सिअर, सिमर, स्ट्रेन. दुसरं, परीक्षक चाखून जे बोलतात ते. आपण 'मस्त' नाहीतर 'मीठ कमी' म्हणून मोकळे होतो. ते सांगतात सॉस 'स्प्लिट' झाला, पीठ 'सॉगी' राहिलं, मासा 'ओव्हर' झाला आणि कशामुळे झाला. सू शेफला रोज हेच बोलावं लागतं.

पद्धत सांगतो. दोन मिनिटांचा तुकडा घे, आवाज बंद कर आणि तो माणूस काय करतोय ते तूच इंग्रजीत मोठ्याने सांग. मग आवाज लावून ऐक. सबटायटल इंग्रजीच. हिंदी ठेवलंस तर कान बंद होतो, डोळे वाचत बसतात. सकाळी मिझाँप्लास (कापाकापी, पूर्वतयारी) करतानाही हातातल्या कामाचं वर्णन पुटपुटत राहा. बाजूचे हसतील, हसू दे.

नावांचा एक घोळ लक्षात ठेव. ऑस्ट्रेलियन कार्यक्रमात कॅप्सिकमला आपल्यासारखं कॅप्सिकमच म्हणतात, अमेरिकन जहाजावर ती बेल पेपर. कोरिअँडरचं सिलांट्रो, प्रॉनचं श्रिंप, रॉकेटचं अरुगुला. आणि 'ऑन्ट्रे' म्हणजे ऑस्ट्रेलियात स्टार्टर, अमेरिकेत मेन कोर्स. हा फरक माहीत नसेल तर पिकअपची वाट लागते.

एवढं करूनही एक गोष्ट कुठल्याच मालिकेत मिळणार नाही, ती म्हणजे यूएसपीएच, जहाजावरच्या स्वच्छतेची अमेरिकन तपासणी. अमेरिकन बंदरात सीडीसीचे (तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचे) इन्स्पेक्टर जहाजावर चढतात. 100 पैकी किमान 86 गुण मिळाले तर जहाज पास, 85 म्हणजे नापास. (तिकडे पदार्थ संपला तरी 86 आणि इकडे पास व्हायलाही 86, गंमतच.) इन्स्पेक्टर थेट कॉमीलाही विचारतो. थंड पदार्थ किती तापमानाला? 5 अंश सेल्सियस किंवा खाली. गरम? 57 किंवा वर. तिथे घाबरून मान हलवलीस तर अख्खी गॅली गोत्यात. अॅलर्जीचंही तसंच. अमेरिकेच्या यादीत नऊ मुख्य पदार्थ आहेत, 2023 पासून तीळही त्यात आले. ही नऊ नावं इंग्रजीत घडाघडा आली पाहिजेत.

नाशिकच्या_बाई

मी इंग्रजी शिकवते, किचनशी संबंध घरापुरता. आवाज बंद करून बोलण्याची युक्ती फार चांगली, वर्गातही वापरीन. पण रॅमसेला सरसकट बाद करू नका. 2004 पासूनचे त्याचे ब्रिटिश 'किचन नाइटमेअर्स' बघा, अमेरिकन नको. ब्रिटिश भागांत निवेदन तो स्वतःच करतो, बऱ्यापैकी सावकाश. बंद पडायला आलेलं हॉटेल, त्याचा फ्रीज, मेन्यूची लांबी, मालकाची कारणं असं सगळं समजावत जातो. शिव्या आहेतच, पण निवेदन वेगळं काढून ऐकता येतं.

आणि विरंगुळा म्हणून 'फॉल्टी टॉवर्स'. 1975 आणि 1979 मिळून बाराच भाग. इंग्रजी जुनं आहे, शिकायला म्हणून बघू नकोस. पण त्यातला बार्सिलोनाचा वेटर मॅन्युएल बघ. कळलं नाही तर तो निदान 'के?' तरी विचारतो. माझे विद्यार्थी न कळताच 'येस येस' म्हणतात, ते जास्त धोक्याचं. मालिकांमधले लोक पुन्हा विचारताना फारसे दिसत नाहीत, तेव्हा ते वाक्य तू वेगळं पाठ कर: 'सॉरी शेफ, डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी?' हे लाज न बाळगता म्हणता आलं पाहिजे.

कणकवलीचा_कॉमी

दादा, ताई, खूप आभार. काल रात्री आवाज बंद करून करून बघितलं. रूममेटला वाटलं मला ताप आलाय. सीझरचं असं जमलं, जरा तपासा:

'फर्स्ट आय वॉश द रोमेन अँड ड्राय इट. देन आय टेक एग योक, मस्टर्ड, गार्लिक, अँचोव्ही, लेमन. देन आय पुट ऑइल स्लोली. देन आय मिक्स लेट्यूस विथ ड्रेसिंग अँड पुट पार्मेझान अँड क्रूटॉन्स.'

मार्लिन्समध्ये किचनचेच शब्द विचारतात का?

गॅलीवाला

छान, दोनच 'पुट' राहिले. तेलाला 'स्लोली व्हिस्क इन द ऑइल', पार्मेझानला 'फिनिश विथ पार्मेझान अँड क्रूटॉन्स'. आणि 'मिक्स' नको, 'टॉस'. ड्रेसिंग फाटलं तर काय करशील हाही प्रश्न येतो, त्याचं उत्तर तयार ठेव: नवीन योक घेऊन फाटलेलं ड्रेसिंग त्यात थोडं थोडं व्हिस्क करायचं. अंडं कच्चं असल्यामुळे जहाजावर पाश्चराइज्ड योक वापरतात, तेही बोल. मुलाखत घेणारा शेफ खूश होईल.

मार्लिन्स वेगळी. तिथे ऐकणं, व्याकरण, शब्द, आकडे आणि वेळ असतं. आकड्यांवर पोरं घसरतात. ताईंचं फिफ्टीन-फिफ्टी तिथेच उपयोगी पडेल. तारीख ठरली की इथे टाक.